जुन्या सायकलींच्या मागील हबवर आधुनिक कॅसेट

जुन्या सायकलींच्या मागील हबवर आधुनिक कॅसेट बसवणे हा सायकल दुरुस्ती व नूतनीकरणातील एक प्रकार आहे. यात पाच, सहा किंवा सात गिअरसाठी बनवलेल्या जुन्या मागील चाकावर अधिक दातेरी चकत्या असलेला किंवा मोठ्या चकतीचा नवा संच बसवला जातो. झिजलेल्या जुन्या संचाला पर्याय मिळवणे आणि चढावर उपयोगी पडणारे हलके गिअर उपलब्ध करून घेणे ही यामागील दोन मुख्य कारणे आहेत. एखादी कॅसेट एखाद्या हबवर बसेल की नाही, हे केवळ गिअरच्या संख्येवरून ठरत नाही. हबचा प्रकार, फ्रीहब बॉडीची लांबी, तिच्यावरील कंगोऱ्यांची रचना, चकत्यांमधील अंतर आणि फ्रेमच्या मागील काट्याची रुंदी या पाच बाबी त्यासाठी पाहाव्या लागतात.

## रचना

सायकलच्या मागील चाकावर दातेरी चकत्या बसवण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत.

फ्रीव्हील पद्धतीत हबच्या उजव्या बाजूस बाहेरून आटे पाडलेले असतात. चकत्या आणि पायडल न मारता चाक मोकळे फिरू देणारी खिट्ट्यांची यंत्रणा हे दोन्ही एकाच भागात असतात व तो संपूर्ण भाग हबच्या आट्यांवर फिरवून बसवला जातो. पायडल मारताना येणाऱ्या जोरामुळे फ्रीव्हील आपोआप घट्ट होत जाते.

फ्रीहब पद्धतीत मोकळे फिरण्याची यंत्रणा हबचाच भाग असते. तिच्या नळकांड्यासारख्या बाह्य भागाला फ्रीहब बॉडी म्हणतात. या बॉडीवर लांबीच्या दिशेने कंगोरे असतात आणि त्यांवर चकत्यांचा संच सरकवून बसवला जातो. या संचात फिरणारी यंत्रणा नसते. त्यालाच कॅसेट म्हणतात. आधुनिक कॅसेट बाहेरच्या टोकाला लॉकरिंग नावाच्या आटेदार कड्याने आवळली जाते.

दोन्ही पद्धतींतील महत्त्वाचा यांत्रिक फरक एक्सलच्या आधाराचा आहे. फ्रीव्हील हबमध्ये उजव्या बाजूचे छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला, हबच्या मुख्य भागात असतात. त्यामुळे तेथून फ्रेमपर्यंतचा एक्सलचा भाग आधाराविना राहतो. चकत्यांची संख्या वाढली की हा भाग लांबतो आणि एक्सल वाकण्याची किंवा तुटण्याची शक्यता वाढते. शिमानो पद्धतीच्या फ्रीहबमध्ये उजवीकडील छर्रे बॉडीच्या बाहेरच्या टोकाजवळ असल्याने एक्सलला जवळजवळ फ्रेमपर्यंत आधार मिळतो.

## इतिहास

चकत्या आणि फिरणारी यंत्रणा वेगळी ठेवण्याची कल्पना जुनी असून ब्रिटनमधील बेलिस-वायली या कंपनीने १९३० च्या दशकात अशा प्रकारचा हब बनवला होता. तरीही पुढील अनेक दशके आटेदार फ्रीव्हील हीच सर्वमान्य पद्धत राहिली. जपानच्या शिमानो कंपनीने १९७८ मध्ये फ्रीहब बाजारात आणला आणि त्यानंतर हळूहळू ही पद्धत रूढ झाली. फ्रान्सच्या माय्यार कंपनीचा हेलिकोमॅटिक हब हा १९८० च्या दशकातील एक वेगळा प्रयत्न होता. त्यावरील कंगोरे तिरपे, मळसूत्री वळणाचे असल्याने इतर कोणत्याही कंपनीचा संच त्यावर बसत नाही.

शिमानोच्या सुरुवातीच्या फ्रीहबवरील रचनेला युनिग्लाइड असे नाव होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कंपनीने हायपरग्लाइड ही रचना आणली. त्याआधी, १९८४ मध्ये, तिने ठरावीक टप्प्यांनी गिअर बदलणारी एसआयएस ही प्रणाली रोड सायकलींसाठी सादर केली होती. या प्रणालीमुळे चकत्यांमधील अंतर अचूक असणे आवश्यक झाले.

यानंतर चकत्यांची संख्या वाढत गेली. रोड सायकलींसाठी शिमानोने १९९६ मध्ये ९-स्पीड, २००३ मध्ये १०-स्पीड, २०१२ मध्ये ११-स्पीड आणि २०२१ मध्ये १२-स्पीड संच आणले. ‘स्पीड’ म्हणजे येथे केवळ मागील चकत्यांची संख्या होय. भारतीय बाजारात ‘२१ गिअरची’ म्हणून ओळखली जाणारी सायकल पुढील ३ आणि मागील ७ चकत्यांच्या गुणाकारामुळे तशी म्हटली जाते. तिचा मागील संच ७-स्पीड असतो.

## हबचा प्रकार ओळखणे

सात चकत्यांपर्यंतच्या सायकलीवर फ्रीव्हीलही असू शकते आणि कॅसेटही. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. ओळखण्यासाठी चाक सायकलीतून काढून चकत्या उलट दिशेने फिरवतात आणि मध्यभागी हत्यार अडकवण्यासाठी असलेल्या खाचांकडे पाहतात. चकत्यांबरोबर त्या खाचाही फिरत असतील, तर त्या लॉकरिंगच्या आहेत व संच कॅसेट आहे. चकत्या फिरताना खाचा स्थिर राहत असतील, तर तो फ्रीव्हील आहे.

युनिग्लाइड फ्रीहबवर लॉकरिंग नसते. त्याच्या बॉडीच्या टोकाला बाहेरून आटे असतात आणि सर्वांत लहान चकती त्यांवर फिरवून बसवली जाते. तीच इतर चकत्यांना जागेवर धरून ठेवते. हायपरग्लाइड बॉडीला लॉकरिंगसाठी आतून आटे असतात. संक्रमणकाळातील काही बॉडींना आतून व बाहेरून असे दोन्ही आटे आढळतात.

## सुसंगततेचे घटक

### बॉडीची लांबी व चकत्यांमधील अंतर

७-स्पीड हायपरग्लाइड बॉडी ८-स्पीडसाठीच्या बॉडीपेक्षा सुमारे ४ मिलिमीटरने आखूड असते. याउलट ८, ९ आणि १०-स्पीड कॅसेटसाठी शिमानोची एकच बॉडी चालते. चकत्यांची संख्या वाढली तरी त्यांच्यातील अंतर कमी होत गेल्याने संचाची एकूण रुंदी फारशी बदलली नाही, हे त्याचे कारण आहे.

| शिमानो संच | शेजारील चकत्यांच्या मध्यांतील अंतर (मिमी) | संचाची एकूण रुंदी, सुमारे (मिमी) |
|---|---|---|
| ७-स्पीड | ५.० | ३१.९ |
| ८-स्पीड | ४.८ | ३५.४ |
| ९-स्पीड | ४.३५ | ३६.६ |
| १०-स्पीड | ३.९५ | ३७.२ |

११-स्पीड रोड कॅसेटसाठी शिमानोने बॉडी १.८५ मिलिमीटरने लांब केली. त्यामुळे ८ किंवा ९-स्पीड कॅसेट ११-स्पीड बॉडीवर बसवताना आधी १.८५ मिलिमीटर जाडीचा स्पेसर घालावा लागतो. शिमानोच्या बहुतेक १०-स्पीड रोड कॅसेटसाठी त्याखेरीज आणखी १ मिलिमीटरचा स्पेसर लागतो. उलट दिशेने मात्र असा उपाय नसतो: ११-स्पीड रोड कॅसेट सर्वसाधारणपणे जुन्या ८/९/१०-स्पीड बॉडीवर मावत नाही.

याला महत्त्वाचे अपवाद आहेत. मोठ्या चकत्यांच्या काही ११-स्पीड कॅसेटमध्ये सर्वांत मोठी चकती आरांच्या वरच्या बाजूला, किंचित आत झुकलेली असते. त्यामुळे त्या जुन्या लांबीच्या बॉडीवर बसतात. ११–४० व ११–४२ दात्यांच्या माउंटन सायकलच्या कॅसेट आणि शिमानोची ११–३४ दात्यांची एचजी८०० ही कॅसेट या प्रकारातील आहेत. अलीकडच्या गिअर प्रणालीकडे जाताना जुना हब कायम ठेवण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग मानला जातो.

### कंगोऱ्यांची रचना

युनिग्लाइड बॉडीवरील नऊही कंगोरे एकसारखे असतात. हायपरग्लाइड रचनेत एका ठिकाणची रुंदी मुद्दाम वेगळी ठेवलेली असते, त्यामुळे कॅसेट एकाच स्थितीत बसते. चकत्यांच्या बाजूंवर साखळी चढण्यासाठी कोरलेले उतार एकमेकांशी जुळावेत, हा त्यामागील उद्देश आहे.

इटलीच्या कंपान्योलो कंपनीची रचना शिमानोपेक्षा पूर्णपणे वेगळी आहे. एका कंपनीची कॅसेट दुसरीच्या बॉडीवर बसत नाही. कंपान्योलोच्या ८-स्पीड बॉडीवरील कंगोरे १९९७ मध्ये आलेल्या ९-स्पीड बॉडीहून भिन्न आहेत. मात्र ९-स्पीडसाठीच्या बॉडीवर कंपान्योलोची १० व ११-स्पीड कॅसेटही बसते.

हायपरग्लाइड बॉडीच्या व्यासामुळे त्यावर ११ पेक्षा कमी दात्यांची चकती बसवता येत नाही. १० दात्यांच्या चकतीसाठी अमेरिकेच्या स्रॅम कंपनीने एक्सडी ही, तर शिमानोने २०१८ मध्ये मायक्रो स्प्लाइन ही नवी रचना आणली. जुन्या हबसाठी या रचनांच्या बॉडी सहसा मिळत नाहीत.

शिमानोच्या २००३ मधील ड्युरा-एस १०-स्पीड हबच्या अॅल्युमिनियम बॉडीवर उंच कंगोरे होते. या बॉडीवर केवळ १०-स्पीड कॅसेट बसते. यामुळे दिसण्यात ‘आधुनिक’ असलेला हबही प्रत्यक्षात अधिक मर्यादित असू शकतो.

### फ्रेमची रुंदी

मागील हबच्या दोन्ही बाजूंच्या लॉकनटांच्या बाहेरील कडांमधील अंतर हे फ्रेमच्या मागील काट्यातील मोकळ्या अंतराइतके असावे लागते. जुन्या ५-स्पीड रोड सायकलींत हे अंतर १२० मिलिमीटर, ६ व ७-स्पीड सायकलींत १२६ मिलिमीटर असे. ८-स्पीडपासून रोड सायकलींसाठी १३० मिलिमीटर, तर माउंटन सायकलींसाठी १३५ मिलिमीटर हे माप रूढ झाले.

१३० मिलिमीटरचा हब १२६ मिलिमीटरच्या पोलादी फ्रेममध्ये हाताने किंचित ताणून बसवता येतो, कारण प्रत्येक बाजूला केवळ २ मिलिमीटरचा फरक पडतो. कायमस्वरूपी उपाय म्हणून फ्रेमचा मागील काटा थंड अवस्थेत वाकवून रुंद केला जातो. दोन्ही बाजू समान सरकल्या आहेत का, हे फ्रेमच्या पुढील नळीभोवती दोरा फिरवून व त्याचे सीटच्या नळीपासूनचे अंतर दोन्हीकडे मोजून तपासतात. त्यानंतर एक्सल बसण्याच्या खाचा पुन्हा समांतर करणे आणि डिरेलरचा हँगर सरळ करणे आवश्यक असते. ही पद्धत फक्त पोलादी फ्रेमसाठी आहे. अॅल्युमिनियम व कार्बन तंतूंच्या फ्रेमना अशा रीतीने वाकवल्यास त्या तडकू शकतात.

### चाकाची डिश

रिम फ्रेमच्या मध्यावर असावी लागते. मात्र उजवीकडे चकत्यांना जागा द्यावी लागत असल्याने हबची उजवी कड मध्याच्या अधिक जवळ असते. या असमानतेला चाकाची डिश म्हणतात. उजवीकडील आरे अधिक उभे व अधिक ताणलेले असतात, तर डावीकडील सैल राहतात. बॉडी लांब केली आणि त्या मानाने लॉकनटांमधील अंतर वाढवले नाही, तर ही असमानता वाढून चाक कमकुवत होते. म्हणून बॉडी बदलल्यावर एक्सलवरील स्पेसरांची पुनर्रचना, आवश्यक तेथे अधिक लांब एक्सल आणि आऱ्यांचा ताण पुन्हा जुळवून रिम मध्यावर आणणे ही कामे एकत्रच करावी लागतात.

## हबच्या प्रकारानुसार पर्याय

आटेदार फ्रीव्हील हब: यावर कोणतीही कॅसेट बसत नाही. कॅसेट हवी असल्यास फ्रीहब असलेले चाक घ्यावे लागते किंवा जुन्या रिमवर नवा हब विणावा लागतो. चाक बदलताना रिमचा व्यासही पाहावा लागतो. जुन्या अनेक रोड सायकलींवर २७ इंची चाके असून त्यांच्या रिमचा टायर बसण्याच्या जागेचा व्यास ६३० मिलिमीटर असतो. आजच्या ७००सी चाकांचा तो ६२२ मिलिमीटर असतो. त्यामुळे ब्रेकचे गुटके ४ मिलिमीटर खाली आणावे लागतात व प्रत्येक ब्रेकमध्ये तेवढी जागा असतेच असे नाही. हब कायम ठेवायचा असल्यास नवे ६ किंवा ७-स्पीड फ्रीव्हील बसवणे हा व्यवहार्य पर्याय आहे. बहुतेक हबचे आटे १.३७५ इंच व्यासाचे आणि इंचाला २४ या ब्रिटिश मापाचे असतात. जुन्या फ्रेंच हबचे आटे याहून लहान, ३४.७ मिलिमीटर व्यासाचे व १ मिलिमीटर अंतराचे असल्याने त्यांवर ब्रिटिश मापाचे फ्रीव्हील घट्ट बसत नाही व जोर पडल्यावर आटे निसटतात. ८ व ९-स्पीड फ्रीव्हीलही मिळतात. परंतु त्यांत एक्सलचा आधाराविना राहणारा भाग अधिक वाढतो.

युनिग्लाइड फ्रीहब: बाहेरील आट्यांमुळे या बॉडीवर लॉकरिंग बसत नाही. अनेक शिमानो हबमध्ये बॉडी आतून पोकळ बोल्टने जोडलेली असते व एक्सल काढल्यावर १० मिलिमीटरच्या षट्कोनी किल्लीने ती वेगळी करता येते. त्याजागी हायपरग्लाइड बॉडी बसवणे हा सर्वसाधारण उपाय आहे. सर्व बॉडी परस्परांऐवजी चालत नसल्याने हबच्या मॉडेलशी जुळणारी बॉडी शोधावी लागते.

७-स्पीड हायपरग्लाइड फ्रीहब: ७-स्पीड कॅसेट आजही तयार होतात, त्यामुळे केवळ झीज हे कारण असेल तर कोणताही बदल आवश्यक नसतो. अधिक गिअर हवे असल्यास लांब बॉडी बसवता येते. दुसरा उपाय म्हणजे ९-स्पीड कॅसेटमधील एक चकती वगळून उरलेल्या आठ चकत्या ७-स्पीड बॉडीवर बसवणे. अशा आठ चकत्यांची रुंदी सुमारे ३२.२ मिलिमीटर, म्हणजे ७-स्पीड संचाइतकीच भरते. त्यासोबत ९-स्पीडचा शिफ्टर व साखळी वापरतात. यात फ्रेम, एक्सल किंवा डिश यांपैकी कशालाही हात लावावा लागत नाही. याच तत्त्वाने ११-स्पीड कॅसेटमधील दहा चकत्या जुन्या ८/९/१०-स्पीड बॉडीवर बसवल्या जातात.

८/९/१०-स्पीड फ्रीहब: या बॉडीवर या तिन्ही संख्यांच्या हायपरग्लाइड कॅसेट आणि वर नमूद केलेल्या मोठ्या चकत्यांच्या ११-स्पीड कॅसेट बसतात. त्यामुळे जुन्या हबांपैकी नूतनीकरणास हा सर्वांत सोयीचा प्रकार आहे.

## साखळी, शिफ्टर व डिरेलर

सर्व गिअरच्या साखळ्यांची कडीपासून कडीपर्यंतची लांबी १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच, असते. पण चकत्या जवळ येत गेल्या तशी साखळीची बाहेरील रुंदी कमी होत गेली. ७ व ८-स्पीडची साखळी सुमारे ७.१ मिलिमीटर, ९-स्पीडची ६.६ मिलिमीटर, तर १०-स्पीडची ६ मिलिमीटरपेक्षा किंचित कमी रुंद असते. रुंद साखळी जवळजवळच्या चकत्यांवर वापरल्यास ती शेजारच्या चकतीला घासते.

टप्प्यांनी बदलणाऱ्या शिफ्टरचे टप्पे कॅसेटच्या अंतराशी जुळावे लागतात. जुन्या सायकलींवरील टप्पे नसलेल्या, घर्षणावर चालणाऱ्या शिफ्टरला हे बंधन नसते. त्यामुळे त्यांच्यासह कॅसेट बदलणे सोपे जाते.

डिरेलर किती साखळी सामावून घेऊ शकतो, याला त्याची क्षमता म्हणतात. पुढील मोठ्या व लहान चक्रांच्या दात्यांतील फरक आणि मागील मोठ्या व लहान चकत्यांच्या दात्यांतील फरक यांच्या बेरजेइतकी क्षमता लागते. पुढे ५२ व ४२ आणि मागे १३–२४ दाते असलेल्या जुन्या सायकलीला २१ दात्यांची क्षमता पुरते. तेथे ११–३४ कॅसेट बसवल्यास ही गरज ३३ होते व बहुधा लांब पिंजऱ्याचा डिरेलर घ्यावा लागतो.

या बदलाचा लाभही मोजता येतो. चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर धरल्यास ४२ व २४ दात्यांच्या जोडीत पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ३.७ मीटर पुढे जाते. ४२ व ३४ च्या जोडीत ती सुमारे २.६ मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे मारणारा चालक पहिल्या स्थितीत ताशी सुमारे १३ किलोमीटरपेक्षा हळू जाऊ शकत नाही, तर दुसऱ्या स्थितीत त्याला सुमारे ९ किलोमीटर वेगाने घाट चढता येतो.

## बसवण्याची पद्धत

जुनी कॅसेट काढताना साखळीचा तुकडा जोडलेल्या दांड्याने चकत्या स्थिर धरतात आणि लॉकरिंगच्या हत्याराने कडे सोडवतात. बॉडी स्वच्छ करून त्यावर आवश्यक ते स्पेसर व नंतर कॅसेट सरकवली जाते. शेवटच्या चकतीची बाहेरील कड बॉडीच्या टोकापेक्षा किंचित पुढे असणे आवश्यक असते. ती टोकाच्या पातळीत किंवा आत राहिल्यास लॉकरिंग चकत्यांऐवजी बॉडीवर टेकते व संच सैल राहतो. अशा वेळी स्पेसर वाढवावा लागतो. लॉकरिंग सुमारे ४० न्यूटन-मीटर इतक्या जोराने आवळतात. शेवटी डिरेलरच्या मर्यादा ठरवणारे दोन्ही स्क्रू पुन्हा जुळवले जातात.

## धोके

* मर्यादा-स्क्रू न जुळवल्यास साखळी मोठ्या चकतीवरून उतरून आऱ्यांत अडकू शकते. त्यामुळे चाक अचानक थांबते, आरे तुटतात किंवा डिरेलर चाकात ओढला जातो.
* लहान चकतीवरील साखळी फ्रेमला घासत असल्यास एक्सलवर उजवीकडे स्पेसर वाढवावा लागतो.
* मऊ अॅल्युमिनियमच्या बॉडीत सुट्या चकत्यांच्या कडा रुततात व पुढे कॅसेट काढणे कठीण होते. एकाच आधारावर अनेक चकत्या जोडलेल्या कॅसेटमध्ये हा त्रास कमी असतो.
* झिजलेली साखळी नव्या कॅसेटवर वापरल्यास दाते लवकर झिजतात. उलट, नवी साखळी झिजलेल्या चकत्यांवर जोर पडताच घसरते.

## भारतातील स्थिती

भारतात दीर्घकाळ प्रचलित असलेल्या काळ्या रोडस्टर सायकलींवर एकाच चकतीचे आटेदार फ्रीव्हील असते. बोलीभाषेत त्याला ‘फ्री’ म्हणतात. कमी किमतीच्या गिअरच्या सायकलींवरही बहुधा ६ किंवा ७-स्पीड आटेदार फ्रीव्हीलच असते. त्यामुळे अशा सायकलीसाठी केवळ कॅसेट विकत घेऊन उपयोग होत नाही. मागील हब किंवा संपूर्ण चाक बदलावे लागते. नवे ७-स्पीड फ्रीव्हील १४–३४ दात्यांमध्येही मिळत असल्याने केवळ चढासाठी हलका गिअर हवा असेल, तर हब न बदलताही ती गरज भागू शकते. मात्र डिरेलर ३४ दात्यांच्या चकतीपर्यंत पोहोचतो का आणि त्याची क्षमता पुरेशी आहे का, हे आधी तपासावे लागते.